धोक्याची रेघ

ज्या मुलांचें बालपण वैनगंगेच्या कांठीं गेलें, त्यांस पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं. डोंगराची मात्र द्यावी लागते. आमचें कारधा गांव सपाटीचें. येत्या नाताळच्या सुटींत वरच्या वर्गांतील बारा विद्यार्थ्यांस घेऊन तोरण्यावरून राजगडास डोंगरधारेनें पायीं जाण्याचें आम्हीं योजिलें आहे. गेले तीन महिने त्याच तयारींत गेले. त्या तयारीचा वृत्तांत विद्यार्थ्यांप्रमाणेंच त्यांच्या आईबापांसहि कळावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

तोरणा हा पुणें जिल्ह्यांतील वेल्हें गांवावरचा किल्ला. त्याची उंची सुमारें १४०० मीटर. आपल्या नदीकांठची सुमारें २५० मीटर. शिवाजीमहाराजांनीं १६४६ च्या सुमारास तो घेतला, आणि तेथें सांपडलेलें धन शेजारच्या डोंगरावर राजगड बांधण्याकडे लाविलें, असें सांगतात. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून एका लांबच लांब धारेनें चालत गेलें म्हणजे राजगडाच्या संजीवनी माचीवरील अळू दरवाजा गांठतां येतो. ही धार कांहीं ठिकाणीं इतकी निमुळती आहे कीं, एकामागें एक असेंच चालावें लागतें, आणि दोहों अंगांस नजर थेट दरींत उतरते. पावसाळा सरला म्हणजे वाळलेलें गवत व सुटी खडी पायाखालून निसटूं लागते. डोंगरांत हिंडणारे तिला घसारा म्हणतात. वाटेंत सांवली थोडी, आणि पाण्याचा भरंवसा नाहीं.

सपाटीवरच्या मुलांनीं अशा वाटेची तयारी करावी कशी? आठवड्यांतून तीन दिवस पहाटे आम्ही नदीच्या वाळूंतून चाललों. वाळूंत पाऊल रुततें, पोटऱ्या भरून येतात, आणि पाऊल जपून टाकण्याची संवय लागते. पाठीवर पाण्यानें भरलेल्या बाटल्या असत. कारण धारेवर प्रत्येकानें चार लिटर पाणी न्यावयाचें आहे, म्हणजे चार किलो ओझें झालें. दोन वेळां तुमसरजवळच्या आंबागडावर जाऊन आलों. चढतांना दम लागतो, तो बसल्यानें जातो. उतरतांना गुडघे दुखतात, ते बसल्यानें राहत नाहींत. म्हणून उताराचा सराव अधिक केला. नव्या बुटांची हौस मोडून पायास बसलेले जुनेच बूट घ्यावेत, असें ठरलें. शिदोरींत भाकरी, चटणी, गूळ आणि शेंगदाणे. प्रत्येकाजवळ एक बॅटरी. आणि सर्वांच्या पुढें दोर घेतलेला तेथलाच माहितगार वाटाड्या.

पालकांची सभा भरली, तेव्हां एका माउलीनें विचारलें, "गुरुजी, माह्या पोराले काई होनार नाई ना?" असें वचन कोणाहि शिक्षकास देतां येत नाहीं, आणि मींहि दिलें नाहीं. मीं त्यांस आपल्या पुलाची आठवण दिली. कारध्याच्या पुलापाशीं वैनगंगेचें पाणी मोजतात. धोक्याची पातळी २४५.५० मीटर. २०२० च्या ऑगस्टअखेरीस पाणी तिच्यावर चढलें, तें आपण सर्वांनीं पाहिलें. ही रेघ कोणी पूर आल्यावर ओढलेली नाहीं. ती आधींच ठरलेली असते. पाणी वाढूं लागलें म्हणजे मनुष्य स्वतःची समजूत घालतो, "आणखी हातभर चढूं दे, मग निघूं." रेघ कोणाची समजूत घालीत नाहीं.

आमचीहि तशी एक रेघ आहे. दोन्ही डोंगरांमधल्या खिंडींतून मोटारीचा रस्ता जातो. सकाळीं अकराच्या आंत सर्व मंडळी तेथें पोहोंचली, तर राजगडाकडे चढावयाचें. नाहीं तर तेथूनच मोटारीनें खालीं यावयाचें. ही वेळ शाळेंत बसून, थंड डोक्यानें ठरविली आहे. धारेवर ती कोणीहि बदलावयाची नाहीं, मीहि नाहीं.

यावर आमचा सर्वांत चपळ विद्यार्थी म्हणाला, "सर, एवढ्या लांब जाऊन अर्ध्या तासासाठीं परतावयाचें?" मीं त्यास गोरान क्रोपची हकीकत सांगितली. हा स्वीडनचा गृहस्थ १९९५ च्या ऑक्टोबरांत स्टॉकहोमहून सायकलीवर निघाला, तो थेट नेपाळास आला. ३ मे १९९६ रोजीं एव्हरेस्टचें शिखर सुमारें १०० मीटर उरलें असतां, उशीर झाला हें पाहून तो माघारा वळला. पुढें १० तारखेस त्याच पर्वतावर वादळ उठलें, व त्यांत ८ जणांचे प्राण गेले. परतण्याची वेळ टळल्यावरहि वर चढत राहिलेले कित्येक त्यांत होते. क्रोप २३ मे रोजीं शिखरावर उभा राहिला.

आंबागडाच्या पडक्या तटावर एका मुलीचे डोळे फिरले. कोणी विचारण्यापूर्वीं तिनें स्वतः येऊन तें मला सांगितलें. तिचें नांव आम्हीं यादींतून काढलें नाहीं. ती आमच्या एका शिक्षिकाबाईंबरोबर गुंजवणें गांवाकडून नेहमींच्या वाटेनें राजगड चढेल, आणि आम्ही पोहोंचलों तर वर आमची गांठ पडेल. आपलें भय वेळींच बोलून दाखविणारा सोबती धारेवर फार मोलाचा असतो. तें लपविणाऱ्यामुळें मागचे व पुढचे दोघेहि संकटांत पडतात.

आतां पालकांस एकच विनंति. मुलें घरीं आलीं म्हणजे "राजगड गांठला काय?" असें प्रथम विचारूं नये. "खिंडींत किती वाजतां पोहोंचलांत, आणि मग काय केलेंत?" असें विचारावें. खिंडींतूनच परत आलों असें मुलानें सांगितलें, तरी त्याच्या पाठीवर हात ठेवावा. म्हणजे पुढच्या खेपेस तो वेळ पाळण्यास कचरणार नाहीं.