गुलाबावरील काळे डाग

आमच्या पुण्याच्या घराच्या अंगणांत एक गुलाबाचें झाड आहे. तें माझ्या आजोबांनीं लाविलेलें. ते निवर्तल्यावर त्याच्या निगेचें काम मीं आपण होऊन पत्करिलें. शाळेंतून येतांच झारी घ्यावी आणि तिन्हीसांजेस झाडास शेंड्यापासून न्हाऊं घालावें, हा माझा नेम होता. पावसानें उघडीप दिली कीं तोहि दिवस मी चुकवीत नसें.

श्रावण लागला आणि पानांवर काळे, कडांशीं झालरीसारखे दिसणारे डाग उमटूं लागले. डागांभोवतीं पान पिवळें पडे व लवकरच गळे. पंधरा दिवसांत खालच्या फांद्या उघड्या पडल्या. माझा सारा राग आमच्या वृद्ध माळीबुवांवर गेला. "तुमच्या शेणखतानेंच हें झालें!" असें मी त्यांना टाकून बोललों. त्यांनीं उत्तर केलें नाहीं. मुकाट्यानें खुरपें उचललें व ते निघून गेले.

दुसरे दिवशीं एक रोगट पान मीं शास्त्राच्या गुरुजींस दाखविलें. ते म्हणाले, "ही एक बुरशी आहे, शास्त्रज्ञ हिला डिप्लोकार्पन रोझी म्हणतात. हिचे बीजाणु पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर पानोपानीं उडतात, आणि पान सुमारें ७ तास ओलें राहिलें कीं ते त्यांत शिरकाव करतात. तूं पाणी केव्हां घालतोस?" मी निरुत्तर झालों. सायंकाळीं भिजविलेलें पान रात्रभर ओलें राही. रोगास आमंत्रण मींच देत होतों!

गुरुजींच्या सांगण्यावरून डागाळलेलीं पानें व गळलेला पाला वेंचून जाळला. कारण बुरशी त्यांतच दडून राहते. दाटलेल्या फांद्या छाटून वारा खेळता केला. नव्या पालवीवर मोरचूद व चुना यांचें मिश्रण फवारलें. फ्रान्समध्यें मिलार्दे नामक प्राध्यापकांनीं द्राक्षवेलींच्या रोगावर तें १८८५ सालीं पुढें आणिलें. तें निरोगी पानाचें रक्षण करतें. डागाळलेलें पान मात्र बरें करीत नाहीं.

मग माळीबुवांकडे जाऊन मीं क्षमा मागितली. ते हंसून म्हणाले, "बाळा, झाडाची तहान मुळाशीं असती, पानाला नसती."

आतां मी सकाळीं बुंध्याशींच पाणी घालतों. दसऱ्याच्या सुमारास उमललेलें पहिलें फूल मीं त्यांच्या हातीं दिलें. रोगट पाला वेंचून जाळतां आला. त्या दिवशीं बोललेले शब्द मात्र तसे वेंचतां येत नाहींत.