पासंग

१
डायव्हिंगच्या बोटीवर आधी विचारतात ते नाव नव्हे, वजन. एका बाईंनी दहा किलो कमी सांगितलं. त्या हिशेबानं शिसं कमी मिळालं आणि सगळे खाली गेले तरी बाई मालवणच्या समुद्रावर तरंगतच राहिल्या.

२
माझ्या पट्ट्यात सहा किलो, सगळं कमरेला. फुफ्फुसांमुळे छाती वर, पाय खाली. असा तिरपा असताना फिन मारली की पुढे जायच्या ऐवजी वर. वर जाऊ नये म्हणून जॅकेटातली हवा सोडायची. सोडली की जड. जड झालं की आणखी फिन. सगळ्यांत आधी हवा संपते ती माझी.

३
माझा पाण्याखालचा व्हिडिओ वडिलांना दाखवला. त्यांना पोहता येत नाही. म्हणाले, "गाडीला उलाळ आलाय. मागं माल जास्त झाला."

४
शिकवणारा पोरगा मालवणी. "शिसां पुरे. जागा चुकली." कमरेचे दोन किलो काढून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावरच्या खिशांत घातले, एकेक दोन्हीकडे. सिलिंडर चार बोटं वर सरकवला. पाण्यात मान वर केली तर डोकं झडपेवर आपटलं. मग तीन बोटं.

५
समुद्रघोडा उभाच पोहतो. त्याला कोणी सुधारायला जात नाही.

६
हवेला वजन असतं हे शाळेत पाठ केलं होतं. अकरा लिटरच्या सिलिंडरात २०० बार दाबाची हवा अडीच किलोहून जास्त भरते. वर येईपर्यंत त्यातली दोनेक किलो आपण बुडबुडे करून सोडलेली असते. अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर असेल तर तो मग बुडाकडून उचलायला लागतो. उडी मारताना पाय जड, परतताना ढुंगण हलकं. म्हणून शिसं मोजायचं ते शेवटासाठी. सिलिंडरात ५० बार उरलेत, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचंय आणि जॅकेट जवळजवळ रिकामं आहे, तेव्हा जेवढं लागेल तेवढंच.

७
मेलेला मासा पोट वर करून का तरंगतो? पुष्कळ माशांची हवेची पिशवी त्यांच्या वजनाच्या मध्याखाली असते. जिवंत असेपर्यंत ते पर हलवून स्वतःला सुलटं ठेवत असतात. दिवसभर.

८
बाजारात म्हावरं विकणाऱ्या मावशींच्या तराजूला एका बाजूनं लिंबाएवढा दगड बांधलेला. किती वजनाचा, म्हणून विचारलं.
"पारडी सारखी होईपर्यंतचा."

९
साधा श्वास अर्ध्या लिटरचा. पाण्याखाली तो अर्धा किलो उचलतो. खडक आला की जॅकेट फुगवायचं बटण दाबायचं नाही, जरा मोठा श्वास घ्यायचा आणि वाट पाहायची. उचलले जायला दोन-तीन सेकंद लागतात. श्वास मात्र कोंडायचा नाही, आत-बाहेर चालूच. वाट पाहणं मला अजून जमत नाही.

१०
आज वाळूच्या हातभर वर हात जुळवून, फिन न हलवता पडून राहिलो. डोकं खाली गेलं नाही, पायही नाहीत. गुडघे वाकवले तेव्हा किंचित पुढे कलंडलो, सरळ केले तसा परत आलो.

बोटीवर मागचा जोडीदार म्हणाला, "आज मासे दिसले. रोज तुझा गाळच बघतो."