धूसर काचेची रोजनिशी

३ जून
स्पटरिंगच्या चेंबरमधून झिंक ऑक्साइडचा थर चढलेली काच निघाली. इतकी नितळ, की पलीकडच्या गुलमोहराचं पानन्‌पान दिसावं. दिसायला सुरेख, पण सौर सेलच्या कामाला अजून कच्ची. चिमट्यात धरून अर्धा टक्का हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवली, लगेच पाण्याखाली धरली, नायट्रोजनने वाळवली. आता काचेपलीकडे नुसता लालसर डाग. आम्ल थराला सगळीकडे सारखं खात नाही. जागोजाग वाटीसारखे खड्डे पाडतं, मायक्रॉनभर रुंदीचे. जर्मनीत युलिशच्या संशोधकांनी रुळवलेली ही पद्धत.

५ जून
नव्या विद्यार्थिनीने विचारलं, "सर, काच धूसर केली तर ऊन कमी नाही का पोचणार?" प्रश्न रास्त आहे. ऊन जवळपास तेवढंच पोचतं, फक्त तिरपं होऊन. आमचा अस्फटिक सिलिकॉनचा थर जेमतेम ३०० नॅनोमीटर. छतावरच्या नेहमीच्या पॅनेलमधली चकती त्याच्या सुमारे पाचशे पट जाड. निळा प्रकाश एवढ्याशा थरातही जिरतो. तांबडा सरळ आला तर मागच्या चांदीवर आपटून आल्या वाटेने निसटतो. तिरपा शिरला तर वाट लांबते, आणि परतताना पुन्हा आतच वळवला जातो. एली याब्लोनोविच यांनी १९८२ मध्ये या वाटेची कमाल मर्यादा काढली: अपवर्तनांकाच्या वर्गाच्या चौपट. सिलिकॉनला साधारण ५० पट. हे कागदावर, आम्ही त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

मग थरच जाड का करू नये, हा तिचा पुढचा प्रश्न. कारण स्टेब्लर आणि रॉन्स्की यांनी १९७७ मध्ये दाखवलेला दोष: हे सिलिकॉन उन्हातच खालावतं, आणि थर जाड असेल तर सेलला ते जास्त बाधतं.

११ जून
पिरॅमिडसारख्या टोकदार कणांचा झिंक ऑक्साइड असलेली काच मिळाली. हेझ, म्हणजे आरपार आलेल्या प्रकाशातला विखुरलेला वाटा, आमच्यापेक्षा बराच जास्त. तिच्यावर सूक्ष्मस्फटिकी सिलिकॉनचा सेल केला. प्रवाह वाढला, व्होल्टेज पडलं. छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कारण समोरच: प्रत्येक टोकदार दरीच्या तळापासून एक बारीक भेग सिलिकॉनमधून थेट वर गेलेली. दोन उतारांवरून वाढत आलेलं सिलिकॉन तिथे भिडतं, पण सांधत नाही. प्रकाशाला खडबडीत जमीन हवी, सिलिकॉनला सपाट. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशाटेलच्या संशोधकांनी यावर प्लाझ्माचा मारा करून 'व्ही' आकाराच्या दऱ्या 'यू'सारख्या गोलावल्या. थोडा हेझ गेला तरी सौदा फायद्याचा.

१८ जून
आवारात कॉमन रोझ फुलपाखरू दिसलं. त्याच्या काळ्या खवल्यांवर प्रकाश विखुरणारी बारीक, अनियमित छिद्रं असतात. जर्मनीतल्याच कार्ल्सरुहच्या संशोधकांनी २०१७ मध्ये त्यांची नक्कल अस्फटिक सिलिकॉनच्या थरात केली. सरळ पडणाऱ्या प्रकाशाचं शोषण जवळपास दुप्पट झालं, ५० अंश तिरप्या प्रकाशाचं तिपटीवर. आमच्याकडच्या ढगाळ आभाळाला हे मानवेल. पण ती वाढ शोषणातली आहे, विजेतली नव्हे. बातम्या नेमकं हेच गाळतात.

२४ जून
पुरवठादाराचं माहितीपत्रक आलं. ठळक अक्षरांत हेझ, मोजलेला ५५० नॅनोमीटरला आणि हवेत. आमची अडचण ७०० च्या आसपासच्या प्रकाशाची, तीही सिलिकॉनच्या आत. त्यात तरंगलांबी वाढते तसा हेझ घसरतो. अशी काच घेणाऱ्यांनी पूर्ण आलेख मागावा, आणि तिच्यावर केलेल्या सेलचं व्होल्टेजही. नुसत्या हेझवर ऑर्डर देऊ नये.