तीन सह्यांचा कागद

युरोपातला विद्यार्थी आज एक सत्र परदेशातील कारखान्यात वा प्रयोगशाळेत उमेदवारी करतो आणि ते त्याच्या पदवीत धरले जाते. हे सहज घडले नाही. इटलीच्या सोफिया कोराडी १९५७-५८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकल्या; मायदेशी विद्यापीठाने ते शिक्षण मानलेच नाही. तो सल त्यांनी कामाला लावला. १९८७ साली ‘इरॅस्मस’ योजना आली (नाव देशोदेशी हिंडलेल्या एका धर्मगुरूचे!), २००७ पासून तीत उमेदवारीही सामावली. निघण्यापूर्वीच विद्यार्थी, विद्यापीठ आणि काम देणारी संस्था सह्या करतात: काम कोणते, श्रेयांक किती. आमच्या धर्मग्रामातील मुले परदेशी निघताना आशीर्वाद मागतात. तो देतोच, पण असा कागद आहे का, हे आधी विचारतो. विमानाचे तिकीट तर सगळेच दाखवतात.