जंगलाच्या सिनेमात आपला माणूस

घनदाट जंगल, मागावर वाघ आणि जीव वाचवण्याची धडपड, असे सिनेमे मुलांना फार आवडतात. नववीच्या वर्गात आम्ही विचारलं, "अशा सिनेमात आपल्यातला माणूस कोण असतो?" एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, कातडी विकणारा!" वर्ग हसला. आम्हाला हसू आलं नाही.

मग आम्ही 'शेरनी'ची गोष्ट सांगितली. अमित मसुरकर यांचा हा हिंदी सिनेमा २०२१ साली आला. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघीण मारली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. सिनेमाची कथा काल्पनिक असली तरी त्या घटनेच्या जवळ जाते. त्यात वन अधिकारी आहे विद्या व्हिन्सेंट, तिला साथ देते गावातली ज्योती, आणि विजय राज यांनी साकारलेला हसन नूरानी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. त्याच्या धर्मावर कुठे भाषण नाही. वाघिणीबद्दल त्याला माहिती आहे, म्हणून त्याला विचारलं जातं. आम्ही पेशाने शिक्षक, आम्हाला हेच भावलं.

एका मुलीने विचारलं, "पण सर, खऱ्या अवनीला गोळी घालणारा तर मुसलमानच होता ना?" होता. सिनेमातल्या शिकाऱ्याचं नाव मात्र रंजन राजहंस आहे. आम्ही म्हटलं, "बेटा, बंदूकवाला आपल्यातला दाखवला म्हणून तक्रार नाही. दरवेळी तोच एक दाखवला, तर तक्रार आहे."

२०२४ चा मल्याळम सिनेमा 'आडुजीवितम' पाहा. केरळचा मजूर नजीब सौदीच्या वाळवंटात बकऱ्यांच्या गोठ्यावर अडकतो. त्याला राबवणारा जालीम कलमा पढणारा, आणि वाळवंटातून वाट दाखवणारा इब्राहीमही कलमा पढणाराच. माणसं अशीच असतात.

पण इन्साफ फक्त आपल्यापुरता मागायचा का? १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. अमरावतीपासून अकोल्याच्या नरनाळ्यापर्यंत हा डोंगर पसरलाय. तिथल्या पायवाटा कोरकूंना पाठ, पण पडद्यावर आदिवासी आला की बहुतेकदा नाचून निघून जातो. परतवाडा-धारणीच्या बाजारात आपला त्यांच्याशी रोजचा व्यवहार. त्यांच्या भाषेतले चार शब्द आपल्या किती घरांत येतात?

तेव्हा मुलांसोबत सिनेमा बघताना एवढं जरूर विचारा : यात वाट कोणाला माहीत आहे, आणि बोलायला कोणाला मिळालं? आणि घरातली मुलगी उद्या प्राणिशास्त्र घ्यायचं म्हणाली, तर "जंगलात जाऊन काय करणार?" असं म्हणून तिला अडवू नका. पडद्यावरचा नूरानी कोणीतरी कल्पनेतून लिहिला. खरे नूरानी आपल्याच घरांतून घडायचे आहेत.