चीर गेल्यावरचं काँक्रीट

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये पावसाळा तोंडावर आला की लोक आपापल्या छताकडे बघू लागतात. २०२२ च्या सप्टेंबरात इथल्या मानस टॉवर इमारतीत स्लॅब कोसळून चार जण गेले. मी याच वस्तीत राहतो आणि अंबरनाथला बिनसिमेंटच्या काँक्रीटचं काम करतो. त्यामुळे ‘ताकद किती?’ एवढ्यावर माझं भागत नाही. चीर गेल्यावर ते किती धरून ठेवतं, हे आधी कळायला हवं.

माणूस जगभरात हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ८ टक्के सिमेंटच्या खात्यावर जातो. आमच्या मालात त्याऐवजी औष्णिक केंद्रातली राख, पोलाद कारखान्यातला दळलेला स्लॅग आणि ते बांधायला कॉस्टिक सोडा व सोडियम सिलिकेटचं द्रावण. क्यूब दाबला तर माल सिमेंटच्या तोडीचा उतरतो. वाकवला की मात्र टचकन दोन तुकडे! तंतू लागतात ते इथे.

टोकाला आकडा असलेली पोलादी तार घनमीटरला ४० किलो घातली, म्हणजे आकारमानाच्या जेमतेम अर्धा टक्का, की तुळई वेगळी वागते. पहिली चीर केसाएवढी उमटते, मग एकेक तार कुरकुरत सुटते. भार उतरतो, तुळई पडत नाही. नंतर तुकडे ओढून वेगळे केले की तारांचे आकडे सरळ झालेले दिसतात. ते सरळ होताना जो जोर खर्च झाला, तीच माणसाला मिळालेली सवड.

तार शेवटी, मूठमूठ भुरभुरत टाकायची. एकदम ओतली की गुंतवळ होतं आणि तिथेच पोकळी राहते. सिलिकेटमुळे माल आधीच चिकट, थापी सोडत नाही. मग हात पाण्याकडे जातो. ‘दादा, पाणी नको, व्हायब्रेटर चालवा,’ हे सांगावंच लागतं. वरचं पाणी ताकद खातं.

कोकणचा काथ्या वापरावा असं मला फार वाटतं. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा तर जास्तच वाटलं. पण कॉस्टिक वनस्पतीच्या धाग्याला कुरतडतं. पॉलिप्रॉपिलीन टिकतं, त्याचे बारीक धागे ओल्या मालाच्या चिरा आवरतात, भार मात्र पेलत नाहीत.

आयएस १७४५२ : २०२० ही मार्गदर्शिका अशा काँक्रीटच्या प्रीकास्ट वस्तूंसाठी आहे, आणि सुरुवात तिथूनच व्हावी. स्लॅबमधल्या गजांऐवजी तंतू घाला असं कुणी म्हटलं तर मी साफ नाही म्हणतो. ओल मुरून गंजलेल्या, फुगलेल्या गजावर तंतू हे औषध नव्हे. गटाराच्या झाकणाचं वेगळं. त्यावरून शाळेच्या मुलांची रिक्षा जाते. ते फुटलं तरी जागेवर राहावं आणि चीर दिसताच बदलता यावं, एवढं आज करता येतं.