कुंपण किती सरकवावे?

उपपत्ती अपुरी पडू लागली की तिचा विस्तार करावा, हे सर्वमान्य आहे. तो कोठे थांबवावा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. संदर्भमुक्त व्याकरणाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे.

नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये व्याकरणांची सामर्थ्यानुसार प्रतवारी मांडली. संदर्भमुक्त व्याकरणात घटकाचा विस्तार शेजारी काय आहे हे न पाहता होतो. कंसात कंस बसावा तशी रचना त्याला साधते. परस्परांना छेदणाऱ्या संबंधांपाशी ते अडते. १९८५ मध्ये स्टुअर्ट शीबर यांनी स्विस जर्मनचा निर्णायक दाखला दिला. तेथे गौण वाक्यांत आधी नामे व नंतर त्याच क्रमाने क्रियापदे येऊ शकतात. पहिले नाम पहिल्या क्रियापदाशी, दुसरे दुसऱ्याशी बांधलेले असते. 'मदत करणे' चतुर्थी मागते, 'रंगवणे' द्वितीया. या साखळीला तत्त्वतः अंत नाही.

मग सर्वाधिक समर्थ व्याकरणच का स्वीकारू नये? याचे उत्तर १९७३ मध्येच मिळाले होते. चॉम्स्कीप्रणीत रचनांतरणाचे तत्कालीन प्रतिमान ट्यूरिंग यंत्राइतके समर्थ असल्याचे पीटर्स आणि रिची यांनी सिद्ध केले. ज्यात यंत्रगम्य अशी कोणतीही भाषा सामावते, ते मानवी भाषा अशीच का, हे सांगू शकत नाही.

पुण्यात जन्मलेले अरविंद जोशी (१९२९–२०१७) यांनी मधला मार्ग शोधला. लेव्ही व ताकाहाशी यांच्यासह १९७५ मध्ये त्यांनी मांडलेल्या वृक्षसंयोजी व्याकरणात मूळ घटक म्हणजे लहान लहान वृक्ष. एक वृक्ष मधोमध उघडून त्यात दुसरा बसवता येतो. क्रियापद आणि त्याचे नाम एकाच वृक्षात जन्मतात, दुरावतात ते नंतर. या वाढीव सामर्थ्याचे मोलही मोजलेले आहे. वाक्य दुप्पट लांबले, तर प्रचलित पद्धतींनी विश्लेषणाचे श्रम संदर्भमुक्त व्याकरणात फार तर आठपट वाढतात, येथे चौसष्टपट. १९८५ मध्ये जोशी यांनी अशा व्याकरणांच्या वर्गाला 'किंचित संदर्भसापेक्ष' म्हटले. पुढे १९९४ मध्ये विजय-शंकर व वियर यांनी दाखवले, की स्वतंत्रपणे निर्माण झालेली चार व्याकरणे नेमक्या याच सामर्थ्याची आहेत.

समीक्षेलाही 'किंचित' हे विशेषण विचारात घ्यावे लागेल. संहितेचा अर्थ संदर्भाविना लागत नाही, हे मान्य केल्यावर सारेच संदर्भ आत घेण्याचा मोह होतो. परंतु जी उपपत्ती कोणत्याही संहितेला नाकारू शकत नाही, ती कोणत्याही संहितेविषयी काहीच सांगत नाही. कुंपण सरकवण्यापूर्वी ते कोणत्या वाक्यासाठी सरकवायचे, हे दाखवता आले पाहिजे.